मधुमेहात पायाला झालेली जखम आणि जंतुनाशक ड्रेसिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला जखम झाली की रुग्ण आणि घरचे सगळ्यात आधी एकच विचारतात: "यावर लावायचं काय?" जखमांची ड्रेसिंगं करणं हेच माझं काम असल्याने हा प्रश्न मी रोज ऐकते. त्याचं उत्तर खाली आहेच, पण त्याच्या आधी विचारायला हवेत असे काही प्रश्नही आहेत. ही माहिती तपासणीची जागा घेऊ शकत नाही. पायाला जखम असेल आणि ती अजून कुणा जाणकार डॉक्टरने पाहिली नसेल, तर वाचन नंतर करा, आधी पाय दाखवून या.

जंतुनाशक ड्रेसिंग म्हणजे नेमकं काय?

ज्या पट्टीतच जंतू मारणारा किंवा त्यांची वाढ रोखणारा पदार्थ घातलेला असतो, ती जंतुनाशक ड्रेसिंग. चांदी, आयोडीन, वैद्यकीय मध, पीएचएमबी (एक कृत्रिम जंतुनाशक रसायन) ही त्यातली नेहमीची नावं. हा पदार्थ ज्या पट्टीत घातलेला असतो ती मात्र नाना प्रकारची असते. कधी नुसती जाळी, कधी फोम, कधी ओल लागली की जेलसारखी होणारी तंतूंची चादर, कधी समुद्री शेवाळापासून केलेलं अल्जिनेट. म्हणून "चांदीचं ड्रेसिंग द्या" एवढं म्हटल्याने काहीच ठरत नाही. चांदीची जाळी पाणी जवळजवळ शोषत नाही, चांदीचं अल्जिनेट भरपूर शोषतं. पाझरणाऱ्या जखमेवर जाळी लावली तर आजूबाजूची कातडी भिजून पांढरी पडते; कोरड्या जखमेवर अल्जिनेट लावलं तर ते चिकटून बसतं आणि काढताना नवीन मांस ओरबाडून येतं.

ही ड्रेसिंग म्हणजे अँटिबायोटिक नव्हे. अँटिबायोटिक जिवाणूच्या ठरावीक यंत्रणेवर काम करतं. चांदी किंवा आयोडीन एकाच वेळी अनेक बाजूंनी हल्ला करतात. त्यामुळे त्यांना दाद न देणारे जंतू तयार होणं अवघड असतं, अशक्य मात्र नाही.

साधी जखम आठ-पंधरा दिवसांत भरते. हीच का रेंगाळते?

कारण पायात एकाच वेळी तीन गोष्टी बिघडलेल्या असतात. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की नसा बधिर होतात, दुखणं कळत नाही. रक्तवाहिन्या अरुंद होतात, म्हणजे जखमेपर्यंत प्राणवायू आणि पांढऱ्या पेशी पुरेशा पोचत नाहीत. आणि ज्या पांढऱ्या पेशी पोचतात त्या वाढलेल्या साखरेत नीट लढत नाहीत.

यातलं बधिर होणं सगळ्यात घातक, कारण ते कळतच नाही. एका रुग्णाचा बूट मी सहज उलटा करून पाहिला, तर तळातून वर आलेला खिळा हाताला लागला. टोक बरोबर जखमेच्या जागी होतं. तो माणूस त्याच बुटात दिवसभर चालून आला होता. त्याला जाणवलं होतं ते एवढंच, की मोजा ओला लागतोय. आपल्याला खडा टोचला तर आपण दुसऱ्या पावलाला थांबतो. त्याच्या पायाने त्याला थांबवलंच नाही.

खिळा नसला तरी गोष्ट तीच. चवड्याखाली घट्टा पडतो, प्रत्येक पावलाला तो घट्टा आतल्या मांसावर दाबला जातो, आतल्या आत रक्त साकळतं आणि एक दिवस वरची कातडी फुटते. बाहेरून चण्याएवढं भोक दिसतं, आत पोकळी मोठी असते. मधुमेह असलेल्यांपैकी १९ ते ३४ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी अशी जखम होते असा अंदाज आहे.

मग चांदीचं ड्रेसिंग लावलं की जखम भरेल ना?

नाही. नुसत्या ड्रेसिंगने ही जखम भरत नाही, मग ती कितीही महाग असो.

हे मी मनाने सांगत नाही. इंटरनॅशनल वर्किंग ग्रुप ऑन द डायबेटिक फूट या तज्ज्ञगटाने २०२३ साली जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत स्पष्ट म्हटलं आहे की निव्वळ जखम भरून यावी या हेतूने जंतुनाशक ड्रेसिंग वापरू नये. मधाबद्दलही तसंच. इंग्लंडमधल्या एका मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २००९ साली आले, ३१७ रुग्णांना तीन गटांत विभागून एका गटाला साधी न चिकटणारी जाळी, दुसऱ्याला आयोडीनची जाळी आणि तिसऱ्याला पाणी शोषून जेल होणारी आधुनिक पट्टी लावली होती. २४ आठवड्यांनी तिन्ही गटांत जखमा भरण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. साधी जाळी तिघांत सर्वांत स्वस्त होती.

दुसरी बाजूही सांगायला हवी. कोक्रेन या, वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१७ सालच्या आढाव्यात उपलब्ध चाचण्या एकत्र पाहिल्यावर जंतुनाशक ड्रेसिंगने जखमा भरण्याचं प्रमाण थोडं वाढत असावं असं दिसलं होतं. पण त्या चाचण्या लहान होत्या, त्यांची मांडणी कच्ची होती, आणि आढावा घेणाऱ्यांनीच या पुराव्यावर फार भरवसा ठेवू नये असं लिहिलं.

जखम भरते ती चार गोष्टींनी: पायावरचा भार काढणं, रक्तपुरवठा सुधारणं, मेलेला भाग काढून टाकणं, आणि संसर्ग व साखर आटोक्यात ठेवणं. ही चारही कामं चालू असताना जखमेला झाकून, योग्य तेवढी ओलसर ठेवणारी वस्तू म्हणजे ड्रेसिंग. तिच्याकडून याहून जास्त अपेक्षा ठेवली की बाकीच्या चार गोष्टींकडे दुर्लक्ष होतं आणि आठवडे हातचे जातात. पाय गमावलेल्या रुग्णांचे जुने कागद चाळताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसतं: ड्रेसिंग बदलत राहिली, बूट तोच राहिला.

असं असेल तर डॉक्टर ती लिहून का देतात?

कारण जखम भरवणं हा एकच हेतू नसतो. कधी जखमेत जंतूंचा भार वाढलेला दिसतो, पण अजून आजूबाजूला पसरलेला नसतो. मांस फिकट लाल न राहता गडद आणि हात लावताच रक्त येणारं झालेलं असतं, पाझर वाढलेला असतो, वास येऊ लागलेला असतो, बरी होत आलेली जखम अचानक थांबलेली असते. अशा वेळी अनेक अनुभवी डॉक्टर थोड्या दिवसांसाठी जंतुनाशक ड्रेसिंग वापरतात. रक्तपुरवठा कमी असलेल्या पायात, जिथे लहानसा संसर्गही महागात पडतो, तिथेही वापरतात. यामागे भक्कम चाचण्यांपेक्षा अनुभवाचा आणि तज्ज्ञांच्या सहमतीचा आधार जास्त आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं.

माझ्या मते ती वापरायला हरकत नाही, पण सुरू करतानाच तीन गोष्टी कागदावर लिहिलेल्या असाव्यात. कशासाठी लावतोय, कोणत्या तारखेला पुन्हा ठरवणार, आणि काय दिसलं की बंद करणार. चांदीच्या बाबतीत २०१२ साली तज्ज्ञांनी दोन आठवड्यांची मुदत सुचवली होती. दोन आठवडे लावा, मग जखम नव्याने तपासा. संसर्गाची चिन्हं गेली असतील तर साध्या पट्टीवर या. कमी झाली असतील पण गेली नसतील तर आणखी थोडे दिवस चालू ठेवा. काहीच फरक नसेल तर तीच पट्टी पुढे रेटू नका, निदान पुन्हा तपासा.

संसर्ग झालाय हे कसं ओळखायचं? जखमेत जंतू सापडले म्हणजे संसर्गच ना?

प्रत्येक उघड्या जखमेत जंतू असतातच. ते असणं म्हणजे संसर्ग नव्हे. संसर्ग हा डोळ्यांनी आणि हातांनी ओळखायचा असतो: सूज किंवा कडकपणा, जखमेच्या कडेपासून अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त पसरलेली लाली, दुखणं, गरमपणा, पू. यांतली किमान दोन चिन्हं असली आणि त्यांना दुसरं काही कारण नसलं तर डॉक्टर संसर्ग धरतात. लाली दोन सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त पसरली, किंवा संसर्ग खोल स्नायूबंध, सांधा, हाड इथपर्यंत गेला, तर तो मध्यम समजतात. ताप, थंडी, जोरात चालणारी नाडी, धाप ही चिन्हं आली तर गंभीर.

एक काळजी घ्या. बधिर पायात दुखत नाही आणि रक्त कमी पोचणाऱ्या पायात लालीही नीट उमटत नाही. त्यामुळे "दुखत नाही म्हणजे काही नाही" हे इथे लागू नाही. उलट, बधिर पाय अचानक ठणकायला लागला तर ती धोक्याची घंटा समजा. कधी कधी तर साखर विनाकारण वाढणं हेच आतल्या संसर्गाचं पहिलं चिन्ह असतं. सावळ्या कातडीवर लाली लालसर न दिसता गडद किंवा जांभळट दिसते, म्हणून दोन्ही पाय शेजारी ठेवून बघा आणि हाताच्या मागच्या बाजूने गरमपणा चाचपा.

ताप, पसरत जाणारी लाली, काळं पडणारं बोट, दुर्गंधी, जखमेतून हाड दिसणं, पाय गार आणि फिकट पडणं: यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. दुखणं अंगावर काढायची ही वेळ नाही.

संसर्ग नाही, तरी खबरदारी म्हणून जंतुनाशक लावून ठेवलं तर काय बिघडतं?

जंतू मारणारा पदार्थ जंतू आणि आपल्या पेशी यांच्यात फारसा भेद करत नाही. जास्त तीव्र असला किंवा फार दिवस लावला तर नवीन कातडी तयार करणाऱ्या पेशींनाही त्याचा त्रास होतो. शिवाय पैसे जातात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे "काहीतरी चांगलं लावलंय" या समाधानात पुढची तपासणी लांबते. काट्याचा नायटा होतो तो असाच.

बायोफिल्म हा शब्द डॉक्टर सारखा वापरतात. ते काय असतं?

जिवाणू एकेकटे न राहता वसाहत करतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. भांड्याच्या तळाशी बसलेला बुळबुळीत थर आठवा. या आवरणामुळे अँटिबायोटिक आत पोचत नाही आणि शरीराच्या पेशीही हात टेकतात. ते डोळ्यांना सहसा दिसत नाही. जखमेवर दिसणारा पिवळट थर म्हणजे बायोफिल्मच असं नाही.

नुसती ड्रेसिंग लावून हा थर निघत नाही. आधी तो धारदार अवजाराने खरवडून काढावा लागतो. काढल्यानंतर साधारण एक ते तीन दिवसांत तो पुन्हा जमू लागतो, म्हणजे मधला थोडा वेळ जंतू उघडे पडलेले असतात. जंतुनाशक ड्रेसिंगला खरी संधी असते ती याच वेळेत. खरवडल्याशिवाय वरून चांदी लावणं म्हणजे कपडा न धुता त्यावर इस्त्री फिरवणं.

मात्र हे खरवडणं घरी कधीही करायचं नाही. घट्टा ब्लेडने कापणं, कुरूप काढायची आम्लाची पट्टी लावणं, यातूनच कितीतरी जखमा सुरू होतात. आणि पायाचा रक्तपुरवठा तपासल्याशिवाय रुग्णालयातही ते जपूनच करतात.

चांदी, आयोडीन, मध, पीएचएमबी: यांत फरक काय?

चांदी ओलाव्यात विरघळून तिचे विद्युतभारित कण सुटतात आणि ते जिवाणूचं आवरण, प्रथिनं आणि डीएनए यांना धरतात. म्हणजे ओल नसेल तर चांदी कामच करत नाही. काही चांदीच्या पट्ट्या लावण्याआधी निर्जंतुक पाण्याने भिजवायच्या असतात, सलाईनने नाही, कारण सलाईनमधल्या क्लोराइडशी चांदीचा संयोग होऊन तिची ताकद कमी होते. पाकिटावरची सूचना वाचणं इथे खरंच उपयोगी पडतं. जखम किंवा कातडी करडी-काळी दिसू लागली तर घाबरून जाऊ नका, चांदीचा डाग पडतो. पण तो डाग आहे की मांस काळं पडतंय हे ड्रेसिंग करणाऱ्याकडून तपासून घ्या. चांदीची ॲलर्जी असेल तर अर्थातच नको. एमआरआय तपासणी ठरली असेल तर ड्रेसिंगमध्ये चांदी आहे हे आधी सांगा.

आयोडीन १८११ साली सापडलं आणि आजही टिकून आहे. त्याचे दोन प्रकार नेहमी दिसतात. पोव्हिडोन आयोडीनची जाळी, आणि कॅडेक्झोमर आयोडीन, म्हणजे स्टार्चपासून केलेले बारीक मणी. हे मणी पाझर शोषून फुगतात आणि हळूहळू आयोडीन सोडतात. मला या प्रकारातली एक गोष्ट फार आवडते: पट्टी स्वतःच सांगते की तिचं काम संपलं. लावताना ती गडद तपकिरी असते. दोन दिवसांनी उघडल्यावर मध्यभागी, जिथे पाझर जास्त असतो तिथे ती फिकट पिवळट-पांढरी पडलेली दिसते, कडेला अजून तपकिरी असते. पूर्ण फिकट झाली म्हणजे आयोडीन संपलं, बदलायची वेळ झाली. पण आयोडीन शरीरात शोषलं जातं. थायरॉइडचा आजार, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, स्तनपान, आयोडीनची ॲलर्जी यांतलं काहीही असेल तर लावण्याआधी सांगा. मधुमेहात मूत्रपिंड बिघडलेलं असण्याची शक्यता बरीच असल्यामुळे हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतेच. कॅडेक्झोमर आयोडीन सलग तीन महिन्यांहून जास्त वापरत नाहीत.

वैद्यकीय मध दाट असल्याने जखमेतलं पाणी ओढून घेतो, आम्लधर्मी असतो, आणि काही प्रकारांत हायड्रोजन पेरॉक्साइड तर मनुका नावाच्या झुडपाच्या फुलांपासून मिळणाऱ्या मधात मिथाइलग्लायॉक्झल हे जंतुनाशक असतं. पिवळा थर सैल करायला आणि वास कमी करायला त्याची मदत होते असा अनुभव आहे, पण मधुमेही पायाची जखम भरवण्यासाठी त्याची शिफारस होत नाही हे वर आलंच. त्याने पाझर वाढतो आणि काहींना चांगलीच आग होते.

पीएचएमबी जिवाणूचं बाहेरचं आवरण फोडतं आणि पेशींना तुलनेने कमी त्रास देतं.

यांखेरीज एक निराळी जात आहे. तिच्यावर डीएसीसी नावाचा तेलकट गुणधर्माचा लेप असतो. त्याला जिवाणू चिकटतात आणि पट्टी बदलताना पट्टीबरोबर निघून जातात. यात जखमेत काहीच सोडलं जात नाही. शरीराला त्रास कमी, हा त्याचा गुण; पट्टी जखमेच्या तळाला नीट टेकलेली असलीच पाहिजे, ही त्याची अट.

खाण्याचा मध लावला तर चालेल का?

नाही. वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. खाण्याच्या मधात क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, आणि उघड्या खोल जखमेत ते घालणं धोक्याचं आहे.

हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट किंवा फरशी-कपड्यांचं जंतुनाशक?

यांतलं काहीच नको. जखम सलाईनने किंवा स्वच्छ पिण्याच्या पाण्याने धुणं पुरतं. पाय गरम पाण्यात बुडवून ठेवणंही नको. बधिर पायाला पाणी किती गरम आहे ते कळत नाही आणि भाजल्याची नवी जखम होते.

जखम उघडी ठेवली तर लवकर वाळेल ना?

वाळेल, पण भरणार नाही. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवीन कातडी उघड्या जखमेपेक्षा लवकर येते. कडेच्या पेशी सरकत सरकत मध्याकडे येतात, आणि त्यांना सरकायला ओल लागते. कोरडी खपली आली की त्यांना तिच्याखालून वाट काढावी लागते.

याला एक मोठा अपवाद आहे. रक्तपुरवठा बंद पडून काळं, कोरडं, सुकलेलं झालेलं बोट ओलं करायचं नसतं. त्यावर जेल किंवा ओलसर पट्टी लावली तर कोरडं गँगरीन ओलं होतं आणि संसर्ग वर चढतो. असा पाय कोरडाच ठेवून रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरला लगेच दाखवायचा. पायाच्या बोटातला रक्तदाब ३० मिलिमीटरच्या खाली किंवा घोट्याचा ५० च्या खाली असेल तर तातडीने रक्तवाहिन्यांची तपासणी करावी असं सांगितलेलं आहे. इथे उपाय आहे तो बंद पडलेली वाहिनी मोकळी करण्याचा, ड्रेसिंगचा नाही.

ड्रेसिंग रोज बदलायची का?

ते पट्टीवर आणि पाझरावर अवलंबून असतं. काही चांदीच्या पट्ट्या सात दिवसांपर्यंत राहू शकतात, आयोडीनची साधारण आठवड्यातून दोन-तीनदा बदलतात. पण संसर्ग असलेली जखम झाकून आठवडाभर तशीच ठेवणं मला पटत नाही. ती लवकर उघडून बघायलाच हवी. पट्टीबाहेर ओल आली, पट्टी सरकली, भिजली किंवा वास आला तर ठरलेल्या दिवसाची वाट बघायची नाही.

घरी ड्रेसिंग बदलताना काय बघू?

आधी हात धुवा. पट्टी चिकटली असेल तर ओढू नका, सलाईन टाकून पाच मिनिटं थांबा. निघालेली पट्टी लगेच फेकू नका, उलटी करून बघा. किती भिजली आहे, रंग कोणता, हिरवट झाक आहे का, रक्त आहे का. मग जखमेचा तळ बघा. गुलाबी-लाल, ओलसर, दाणेदार मांस चांगलं. पिवळट चिकट थर म्हणजे मेलेला भाग. काळं म्हणजे मेलेली कातडी किंवा बोट. शेवटी कडा बघा, कारण खरी बातमी तिथे असते. कडेला मोत्यासारखी फिकट गुलाबी किनार आत सरकत असेल तर जखम भरतेय. कडा पांढरी, सुरकुतलेली, पाण्यात फार वेळ राहिलेल्या बोटांसारखी दिसली तर पट्टीला पाझर झेपत नाही. कडा जाड आणि कडक असेल तर अजून भार पडतोय.

दर आठवड्याला त्याच अंतरावरून, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, फोटोत कळतो.

ड्रेसिंग नीट बांधलेली आहे. मग थोडं चाललं तर?

हाच तो प्रश्न, ज्याच्या उत्तरावर सगळं अवलंबून असतं. चवड्याखालच्या जखमेवर प्रत्येक पावलाला सगळं वजन येतं. नुसतं घरातल्या घरात स्वच्छतागृहापर्यंत जाऊन आलं तरी पन्नास-साठ पावलं होतात, आणि तेवढ्यात आदल्या रात्री तयार झालेली नाजूक कातडी चिरडली जाते. जाड ड्रेसिंग म्हणजे गादी नव्हे. उलट घट्ट बुटात तिनेच दाब वाढतो.

तळव्याच्या पुढच्या किंवा मधल्या भागातल्या, नसा बधिर झाल्यामुळे झालेल्या जखमेवर पहिली पसंती गुडघ्यापर्यंतच्या, रुग्णाला काढता न येणाऱ्या साधनाला आहे. टोटल कॉन्टॅक्ट कास्ट, म्हणजे पायाला सगळीकडून टेकून बसणारं प्लास्टर, हा त्यातला जुना, खात्रीचा प्रकार. "काढता न येणाऱ्या" या शब्दांवर भर आहे, कारण काढता येणारा बूट माणूस घरात शिरताच काढून ठेवतो. दुखत नसताना बूट घालून बसणं कुणालाही नकोसं होतं. यात रुग्णाला दोष देण्यात अर्थ नाही. संसर्ग जास्त असेल किंवा रक्तपुरवठा फार कमी असेल तर मात्र कास्ट घालत नाहीत, वेगळा मार्ग काढतात.

रुग्ण येतो तेव्हा मी ड्रेसिंगच्या आधी चप्पल-बूट बघते. आतल्या सुखतळ्यावर दाबाचा खड्डा आणि ओलसर डाग कुठे आहे त्यावरून बरंच कळतं.

अँटिबायोटिक गोळ्या घ्यायच्या का?

संसर्ग असेल तरच. संसर्ग नसलेल्या जखमेला गोळ्यांनी फायदा होत नाही. मांसापुरता संसर्ग असेल तर साधारण एक ते दोन आठवडे, हाडात गेला असेल आणि शस्त्रक्रिया केली नसेल तर सहा आठवड्यांच्या आसपास औषध देतात. आणि हे उलटही लक्षात ठेवा: खरा संसर्ग असताना चांदीची पट्टी गोळ्यांच्या किंवा सलाईनमधून द्यायच्या औषधाच्या जागी चालत नाही.

जखमेच्या पृष्ठभागावरून कापसाच्या काडीने घेतलेल्या स्वॅबपेक्षा खरवडून झाल्यावर तळातून घेतलेला मांसाचा तुकडा तपासायला पाठवला तर औषध जास्त अचूक निवडता येतं. डॉक्टर बोथट धातूची सळई घालून तळाला हाड लागतंय का तेही बघतात. तुमच्या जखमेत हे केलं का, असं विचारायला संकोच करू नका.

महिना झाला, जखम तेवढीच आहे. दुसरी ड्रेसिंग लावू का?

चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्म्याने कमी झालं नसेल तर तिची बारा आठवड्यांत भरण्याची शक्यता बरीच कमी असते. अशा वेळी पट्टी बदलण्याआधी बाकीचं तपासा: भार खरंच उतरलाय का, रक्तपुरवठा मोजलाय का, हाडाचा एक्स-रे झालाय का, मूत्रपिंड आणि प्रथिनं कशी आहेत, तंबाखू चालू आहे का.

हे सगळं नीट असूनही जखम हलत नसेल, संसर्ग नसेल आणि रक्तपुरवठा मध्यम कमी असेल, तर सुक्रोज ऑक्टासल्फेट असलेल्या पट्टीचा विचार होतो. ती जंतुनाशक नाही; जखमेत नवं मांस खाऊन टाकणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) ती आळा घालते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या २४० रुग्णांच्या चाचणीत २० आठवड्यांत ती लावलेल्यांपैकी ४८ टक्के जखमा भरल्या, तशाच पण औषध नसलेल्या पट्टीने ३० टक्के.

जखम भरली. आता सगळं बंद?

ड्रेसिंग बंद, काळजी नाही. भरलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के वर्षभरात परत येतात, कारण बधिरपणा आणि घट्टा पाडणारा दाब तसाच असतो. नवी कातडी पातळ असते, म्हणून मापाचा, दाब वाटून घेणारा बूट आणि सुखतळा लागतो. तळवे रोज बघा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा किंवा घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. घट्टा वाढला तर तो काढून घ्यायला या, जखम होईपर्यंत थांबू नका. आणि बूट घालण्याआधी दर वेळी हात आत घालून शेवटपर्यंत फिरवा. पायाला न कळलेला खिळा हाताला लगेच कळतो.